विंडसर्फिंग आणि बालखेळाडू

ऑलिंपिक स्पर्धांत मानाचे स्थान मिळविलेल्या विंडसर्फिंगच्या इतिहासाचा आरंभ शोधू गेल्यास बारा वर्षांच्या एका मुलापाशी येऊन थांबावे लागते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या हेलिंग बेटावर १९५८ साली पीटर चिल्व्हर्स या मुलाने फळीवर शीड बसवून ती पाण्यावर चालविली. पुढे कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक व हॉईल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये अशा फळीच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९७६ मध्ये हवाई बेटांवरील रॉबी नेश याने वयाच्या तेराव्या वर्षी जगज्जेतेपद पटकाविले. १९८४ मध्ये या खेळाचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला व १९९२ पासून महिलांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली.

लोकप्रियतेची भरती-ओहोटी

या खेळात फळीला सुकाणू नसते. डोलकाठी सर्व दिशांना वळू शकणाऱ्या सांध्याने फळीला जोडलेली असते. खेळाडू हातातील दांड्याच्या साहाय्याने शीड पुढे झुकवितो, तेव्हा फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते; मागे झुकविल्यास ते वाऱ्याकडे वळते. शक्तीपेक्षा तोल अधिक महत्त्वाचा असल्याने मुले हे तंत्र लवकर आत्मसात करतात.

१९७० नंतर युरोपात हा खेळ झपाट्याने पसरला. परंतु कालांतराने जोरदार वाऱ्यासाठी आखूड फळ्या व महागडे साहित्य निघू लागले. निष्णात खेळाडूंची सोय झाली; नवशिके आणि मुले मात्र किनाऱ्यावरच राहिली आणि खेळणाऱ्यांची संख्या घटली. रुंद, स्थिर फळ्या व वजनाने हलकी शिडे आल्यावर मुलांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. अगदी लहान मुलांसाठी एक-दोन चौरस मीटरचेही शीड मिळते. कुमारांच्या ‘टेक्नो २९३’ या प्रकारात फळीची लांबी २९३ सेंटिमीटर असते व वयानुसार शिडाचे आकारमान ठरते. २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार योजिला होता.

भारतातील अनुभव

गोव्यातील डेन व कात्या कोएल्हो या भावंडांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत इबाद अली याने विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर हिने एकट्याने चालवावयाच्या लहान शीडहोडीच्या शर्यतीत रौप्यपदक पटकाविले. तिचे शिक्षण भोपाळच्या मोठ्या तलावावरील नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये झाले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुलीचे हे यश धरणे व तलावांच्या परिसरातील गावांना विचार करावयास लावणारे आहे.

आधी पोहणे, मग शीड

पाण्याकाठच्या अनेक घरांत मुलाला पाण्यापासून दूर ठेवणे हीच सुरक्षितता समजली जाते. परंतु मुले वडीलधाऱ्यांची नजर चुकवून पाण्यात उतरतातच आणि पोहता न आल्याने प्राणास मुकतात. म्हणूनच शिक्षणाची पहिली पायरी पोहणे ही होय. त्यानंतर जमिनीवर शीड हाताळण्याचा सराव व मग उथळ, शांत पाणी असा क्रम असावा. प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगजाकीट, जवळ जाणकार प्रशिक्षक व सज्ज बचावहोडी असल्याखेरीज मुलांना पाण्यात नेऊ नये. धरणाच्या जलाशयात संबंधित विभागाची परवानगी आवश्यक असून सांडव्याजवळचा भाग कटाक्षाने वर्ज्य करावा.

वाऱ्याची दिशाही पाहावी लागते. पाठ्यपुस्तकात मुले खारे वारे व मतलई वारे शिकतात. येथे तो धडा प्रत्यक्ष उपयोगी पडतो. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून वाहतात व नवशिक्याला खोल समुद्राकडे नेतात. दुपारचे खारे वारे त्याला किनाऱ्याकडे आणतात. मात्र त्यांचा जोर वाढला असल्यास नवशिक्याने थांबावे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात या खेळाचे नाव काढू नये.

प्रत्येक गावाला फळी व शीड विकत घेणे परवडणार नाही. परंतु मुलांना पोहता यावे, एवढी व्यवस्था शाळा व पंचायत यांना एकत्र येऊन करता येण्याजोगी आहे. ती झाली, तर त्यांतील काही मुले पुढे शीड हाती धरतील. उरलेल्यांचा जीव तरी पाण्यात सुरक्षित राहील.