जें पिंडीं तें ब्रह्मांडीं. पण कोणत्या बाबतींत?

"जें पिंडीं तें ब्रह्मांडीं" हें वचन आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें. एकदां एका विद्यार्थ्यानें "कोणत्या बाबतींत?" असें विचारलें, तेव्हां "आगाऊपणा पुरे" म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. परवां सांताक्रूझच्या घरीं जेवणें आटोपल्यावर पदार्थविज्ञान शिकणारी आमची नात म्हणाली, "आजोबा, ताऱ्यांपासून निघणारे झोत आतां प्रयोगशाळेंत करतात." आम्ही हंसलों. "अग, गोष्पदांत समुद्र कसा मावेल?" तिनें आमची चूक दाखविली, ती अशी.

नवजात तारा भोंवतालचा वायु ओढून घेतो व त्यांतील कांहीं भाग दोन विरुद्ध दिशांस वेगानें फेंकतो. तापून ज्याच्या अणूंतील विद्युत्कण सुटे झाले, अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. हे झोत प्रकाशवर्षांनीं मोजावे लागतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत मॅगपाय नांवाचें यंत्र आहे. तेथें शंकूच्या आकारांत लावलेल्या बारीक तारांतून सुमारें १० लाख अँपियरचा प्रवाह क्षणमात्र सोडतात. तारांचा प्लाझ्मा होऊन तो मध्यभागीं आदळतो आणि कांहीं सेंटिमीटरांचा झोत उसळतो.

दोहोंत साम्य कसलें? लहान व मोठा त्रिकोण समरूप ठरतात ते कोनांमुळें, लांबीमुळें नव्हे. त्याचप्रमाणें झोताच्या वेगाचें त्यांतील ध्वनीच्या वेगाशीं आणि झोताच्या घनतेचें भोंवतालच्या घनतेशीं गुणोत्तर जुळलें, व अंतर्गत घर्षण नगण्य असलें, म्हणजे दोन्ही झोत एकाच समीकरणांनीं चालतात.

हीच विद्या आमच्या मुंबईंतही आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घन पदार्थावर लेसरचा क्षणार्धाहून कितीतरी अल्पकाळ टिकणारा स्पंद टाकून प्लाझ्मा करतात. त्यांतील चुंबकक्षेत्रांची खळबळ अवकाशांतील खळबळीशीं जुळते, असें तेथील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलें.

नैयायिक उपमानास प्रमाण मानतात. गवय गाईसारखा, एवढ्या ज्ञानावर रानांत गवय ओळखतां येतो; पण भांडें घेऊन त्याची धार काढावयास कोणी जात नाहीं. प्रयोगशाळेंतील झोतामागें ताऱ्याचें गुरुत्वाकर्षण नाहीं, हें शास्त्रज्ञ आधींच सांगून टाकतात. आम्हीं मात्र साम्य सांगितलें, मर्यादा सांगितली नाहीं.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न योग्य होता. घरांतील मुलांनीं तोच विचारल्यास वडील मंडळींनीं त्यांस खालीं बसवूं नये.