आंबोली ते वेंगुर्ला : घाटमाथ्यावरून समुद्राकडे

मित्रमंडळींसह एकाच गाडीतून सह्याद्री आणि कोकणकिनारा सलग अनुभवायचा असेल, तर सुमारे ७०० मीटर उंचीवरील आंबोलीहून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याला उतरणाऱ्या रस्त्याला तोड नाही. आंबोलीच्या माथ्यावर जागोजागी दिसणारा जांभा, म्हणजे अतिपावसाने मूळ खडकातील सिलिका वाहून गेल्यावर उरलेला लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा तांबडा, सच्छिद्र दगड, पुढे किनाऱ्यालगतच्या सड्यांवर, अर्थात सपाट खडकाळ पठारांवर, पुन्हा भेटतो. आंबोलीतच उगम पावणारी हिरण्यकेशी नदी अरबी समुद्र इतका जवळ असूनही पूर्वेकडे वळते आणि घटप्रभेला, तिच्याद्वारे कृष्णेला मिळते, हे या भूरचनेचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य होय. तिच्या उगमापाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही माशाची नवी प्रजाती २०२० मध्ये नोंदली गेली आणि २०२१ मध्ये या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणून तेथे पाण्यात न उतरणे अत्यावश्यक आहे. पावसाळ्यात घाट दाट धुक्याने भरत असल्याने दिवसाउजेडी, खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनाच्याच रोधाने वेग आवरून, उतरावे आणि चालकांनी आळीपाळीने विश्रांती घ्यावी.