मायना आणि मजकूर

पत्रलेखन शिकविणे म्हणजे कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात दिनांक घालावा आणि कोणत्या कोपऱ्यात पत्ता, याचा नकाशा मुलांच्या हाती देणे, अशी जी समजूत आपल्या शाळांतून रूढ झाली आहे ती किती अपुरी आहे, हे दिल्लीत वाढणाऱ्या मराठी विद्यार्थ्याकडे पाहिले म्हणजे विशेष जाणवते. हिंदीच्या तासाला तो ‘सेवा में’ लिहून सविनय निवेदन करतो, इंग्रजीच्या तासाला औपचारिक पत्राचा एक आणि अनौपचारिक पत्राचा दुसरा असे साचे पाठ करतो, आणि घरी ‘नाशिकच्या आजीला चार ओळी लिही’ म्हटले की त्याची लेखणी अडते. कारण आपण कोण, वाचणारे माणूस कोण आणि दोघांमधील अंतर किती, हा पत्राचा मूळ हिशेब त्याला कोणी मांडून दाखविलेला नसतो.

तो हिशेब मराठीत फार पूर्वी मांडला गेला, आणि त्याचे उत्तम वस्तुपाठ याच दिल्लीतून लिहिले गेले. पेशव्यांचे वकील म्हणून बादशाही दरबारात वावरणाऱ्या नाशिकच्या हिंगणे घराण्याने अठराव्या शतकात पुण्याकडे रवाना केलेली पत्रे पुढे द. ब. पारसनीस यांच्यासारख्या संशोधकांनी छापून काढली. ती चाळताना प्रथम नजरेत भरतो तो मायना. सेवकाने स्वामींस साष्टांग नमस्कार करून विज्ञापना करावयाची, मग येथील क्षेम, मुक्काम आणि चंद्राची तारीख नोंदवावयाची, आणि त्यानंतर दरबारची हकीगत. धन्यापाशी ‘आज्ञा केली पाहिजे’, बरोबरीच्या स्नेह्यापाशी ‘लोभ असो दीजे’, आणि हाताखालच्यास नुसते ‘जाणिजे’: नात्याबरोबर वाक्याचा शेवटही पालटे. कारकुनांना हे शिकविण्यासाठी मेस्तके नावाची लेखनपद्धतीची पुस्तके असत. त्यांतील एकाचे कर्तृत्व परंपरा यादवकालीन मंत्री हेमाद्रीकडे देते. आपल्या वडील मंडळींच्या पोस्टकार्डांवरील ‘सा. न. वि. वि.’ हे त्याच ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चे आखूड झालेले रूप होय, एवढे एकदा सांगितले तरी मुलांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो तो दहा साचे पाठ करवून पडत नाही.

घरगुती पत्र म्हणजे हलके पत्र, हाही एक गैरसमज आहे. 1737 च्या वसंतात दिल्लीवर धडक मारून परतलेल्या बाजीरावाने धाकट्या भावाला, चिमाजी अप्पाला, जे पत्र लिहिले त्यात शहर जाळण्याचा बेत आपण का सोडला, मर्यादा मोडली असती तर राजकारणाचा धागा कसा तुटला असता, याचा सारा विचार उलगडलेला आहे. भावापाशी मन मोकळे करणे आणि मोहिमेचा अहवाल देणे ही दोन्ही कामे तेथे एकाच लेखणीने केली. आप्तांना लिहावयाचे ते हेच, की काय घडले आणि ते आपणांस कसे वाटले. ‘मी मजेत आहे, तुम्ही कशा आहात’ या दोन ओळींवर मुलाची सुटका करू नये.

अर्जाचे शास्त्र मात्र निराळे, आणि राजधानीच्या परिसरात ते ‘प्रति’ या एका शब्दापाशीच कठीण होते. पाण्याची तक्रार दिल्ली जल बोर्डाकडे, रस्त्याच्या झाडलोटीची दिल्ली महानगरपालिकेकडे, परंतु घर नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत असेल तर ती त्या परिषदेकडे आणि छावणीत असेल तर छावणी मंडळाकडे. यमुनेपलीकडच्या नोएडात महानगरपालिकाच नाही, तेथे प्राधिकरण. गुरुग्रामात पुन्हा महानगरपालिका, पण राज्य हरियाणा. तेव्हा मुलाने आधी आपले अधिकारक्षेत्र शोधून काढावे, मग विषय एका ओळीत लिहावा, मजकुरात स्थळ, मुदत आणि मागणी स्पष्ट नोंदवावी, नक्कल स्वतःपाशी ठेवावी आणि अर्ज रुजू केल्याची पोच मागून घ्यावी. माझ्या मते नागरिकशास्त्राचा इतका सकस धडा दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात नाही, आणि तो भाषेच्या तासाला मिळतो याचे मोल शिक्षकांनी ओळखले पाहिजे.

शिकविण्याची रीतही साधी आहे: घटना एक, पत्रे दोन. नोव्हेंबरात धुराने आकाश काळवंडते आणि मैदानावरचा खेळ बंद पडतो, तेव्हा मुख्याध्यापकांना लिहावे की खेळाचा तास सभागृहात घेण्याची कृपा व्हावी. आणि आजीला लिहावे की खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही, घसा खवखवतो, आणि तुझ्या अंगणातल्या पेरूची आठवण येते. पहिल्या पत्रात पेरू आला तर तो खोडावा. दुसऱ्यात नाही आला तर मुलाला पुन्हा लिहावयास बसवावे.

मग लखोटा. त्यावरील सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकतार खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित मराठीच होते, हे सांगून पाठविणाऱ्याच्या पत्त्यात 11 ने आरंभ होणारा दिल्लीचा आणि आजीच्या पत्त्यात 422 ने आरंभ होणारा नाशिकचा आकडा मुलाच्या हातून लिहवून घ्यावा. एवढे झाल्यावर पाकीट चिकटविण्याची घाई करू नये. बहुधा त्याच वेळी त्याला काहीतरी सांगावयाचे राहिल्याचे आठवते, आणि ताजा कलम लिहावयास कागदावर थोडी जागा उरलेली असते.