घराचा नंबर

सीताबर्डीहून प्रजापतीनगरकडे जाणाऱ्या नागपूरच्या मेट्रोला सेंट्रल ॲव्हेन्यूवर एक स्थानक लागते. त्याचे नाव ‘टेलिफोन एक्सचेंज’. मेट्रो या वाटेने ११ डिसेंबर २०२२ रोजी धावू लागली. नाव मात्र चौकाचे जुनेच, ते गाडीला आयते मिळाले. आमच्या महाविद्यालयातल्या दोन-तीन मुली रोज या स्थानकावरून येतात. त्यांतल्या एकीला मी परवा सहज विचारले, “तुझ्या घरी फोन आहे का गं?” ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, “मॅडम, पाच आहेत!” घरात माणसे पाच, म्हणून फोन पाच. मी काय विचारते आहे ते तिला कळले नाही, यात तिचा काही दोष नाही. घराला फोन असतो, ही गोष्ट तिने कधी पाहिलेलीच नाही.

आमच्या घराला तो आहे. बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, तिपाईवर, सासूबाईंनी विणलेल्या रुमालावर तो बसलेला असतो. येणारे पाहुणे त्याच्याकडे पाहून ठरलेले दोन प्रश्न विचारतात. “अजून चालतो?” आणि “कशाला ठेवलाय?” पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे चहाच्या एका कपात संपत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे आधी शब्दाकडे वळल्यावाचून राहवत नाही. ‘दूरध्वनी’ हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांचा म्हणून सांगतात. लग्नपत्रिकेत, सरकारी अर्जात आणि पतपेढीच्या पासबुकावर तो सुखाने नांदला. बोलण्यात मात्र कधी आला नाही. ‘त्यांचा दूरध्वनी आला होता’ असे घरात म्हणणारा गृहस्थ मला तरी भेटलेला नाही. त्याच्या मागोमाग ‘भ्रमणध्वनी’ आला आणि अर्जात दोन रकाने झाले. एक ‘दूरध्वनी (निवास)’ आणि दुसरा ‘भ्रमणध्वनी’. त्या कंसातल्या ‘निवास’ या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. एक यंत्र राहते, दुसरे हिंडते. घरात दोन्ही स्वभावांची माणसे लागतात, तशी यंत्रेही लागत असावीत.

हे राहणारे यंत्र घरात आणणे एके काळी मुलीचे लग्न जमवण्याइतके कष्टाचे होते. मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला, पण मध्यमवर्गीयाच्या बैठकीत पोहोचायला त्याने जवळजवळ शंभर वर्षे घेतली. अर्ज करायचा, अनामत भरायची, ऐपत असेल तर ‘ओ. वाय. टी.’च्या वेगळ्या रांगेत नाव घालायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, देशी बनावटीची एक्सचेंजे तयार झाली, तेव्हा कुठे ती रांग हलू लागली. तोवर ज्यांच्याकडे फोन नव्हता ते शेजाऱ्याचाच नंबर पत्रिकेवर छापत आणि पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे घालत. त्या दोन अक्षरांत शेजारधर्माचा केवढा भार असे! रात्री दहाला शेजारच्या काकूंनी हाक मारली की घरातले सगळे धसकून उठत.

आणि ट्रंक कॉल! कानपूर आणि लखनौ या दोन शहरांना १९६० साली परस्पर नंबर फिरवून बोलण्याची सोय मिळाली. आम्हा नागपूरकरांना ते सुख पुष्कळ उशिराने लाभले. मुंबई इथून आठशे किलोमीटरवर. १८० फिरवून कॉल नोंदवायचा आणि तो लागेपर्यंत कुणी तिपाईजवळून हलायचे नाही. लागला की ओरडून बोलायचे. अंतर जास्त म्हणून आवाजही जास्त, असा हिशेब होता.

असो. जुन्या आठवणींनी फोनचे बिल भरले जात नाही. आमच्याकडे दर वर्षी हा विषय निघतो आणि ‘हे’ कागद-पेन्सिल घेऊन बसतात. घरात चार मोबाइल असताना महिन्याचे हे भाडे कशाला? त्यावर माझे उत्तर असे, की चौघांनी एकदा रविवारी बाहेर तर्रीपोहे खाऊन वर चहा घेतला की तेवढेच पैसे जातात. पण हा झाला वादासाठी वाद. खरे कारण निराळे आहे.

आमचा मुलगा पुण्याला शिकतो. नागपुरातल्या आमच्यासारख्या घरांत हे आता घरोघरचे आहे. मूल बारावी झाले की पुण्याला जायचे, तिथून बंगळूरला किंवा थेट अमेरिकेला, आणि धरमपेठेत, रामदासपेठेत, लक्ष्मीनगरात बंगल्याला कुलूप तरी नाहीतर दोन म्हातारी माणसे तरी. तर आमचा हा मुलगा माझ्या मोबाइलवर फोन करतो तेव्हा मला दोन वाक्ये मिळतात. “आई, पैसे टाक.” आणि “बरा आहे.” काम झाले, फोन बंद. तोच मुलगा रविवारी घरच्या नंबरावर फोन करतो तेव्हा तो सासूबाई उचलतात, कारण तिपाईजवळची खुर्ची त्यांची. “आई आहे का?” एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. काय जेवलास, पाऊस आहे का, आवाज असा का येतोय, खोकला झालाय का, एवढ्या चौकशा होतात तेव्हा कुठे फोन माझ्याकडे येतो. त्या चार प्रश्नांवर सासूबाईंचा पुढचा आठवडा निघतो.

मोबाइलवर हव्या त्या माणसाशी थेट बोलता येते, ही सोय कुणी नाकारणार नाही. पण प्रत्येक घरात एखादे माणूस असे असते, की त्याच्याशी कुणाचे काही काम उरलेले नाही. सासूबाईंनाही आम्ही मोबाइल घेऊन दिला आहे. त्यावर दिवसभरात फोन येतात ते कर्ज हवे का म्हणून विचारणाऱ्यांचे. ज्या बाईने या घरातली तीन लग्ने आणि पाच बाळंतपणे पार पाडली, तिचा नंबर मुद्दाम दाबावा असे आज कुणाच्या मनात येत नाही. कुणी वाईट आहे म्हणून नव्हे, प्रत्येकाला कामे असतात म्हणून. घरच्या फोनवर मात्र नंबर घराचा असतो. करणाऱ्याला कोण उचलील ते ठाऊक नसते, आणि जो कुणी उचलील त्याच्याशी चार शब्द बोलणे भाग पडते. माणसामाणसांतली किती नाती या ‘भाग पडण्या’वर टिकून होती, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. जावई सासऱ्यांशी बोले तो सासूबाईंना फोन देण्यापूर्वी. मुलाचा मित्र ‘काकू, मी बोलतोय’ म्हणे तो मित्र आंघोळीला गेलेला असे म्हणून.

दुसरी गोष्ट निरोपाची. आमची धाकटी नववीत आहे. घरचा फोन ती उचलते तेव्हा तिला स्वतःचे नाव सांगावे लागते, समोरच्याचे विचारावे लागते, आणि बाबा घरी नसतील तर “काही निरोप आहे का?” असे म्हणून तो कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवावा लागतो. हे फार मोठे शिक्षण आहे असे मी म्हणत नाही. पण दरवर्षी माझ्या वर्गात नवी मुले येतात. लिहितात बरी, संगणकावर तर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. मात्र अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी फोनवर बोलायचे म्हटले की त्यांच्या घशाला कोरड पडते. विभागातून एका निवृत्त प्राध्यापकांना व्याख्यानाचे निमंत्रण द्यायचे होते. ज्या मुलाला सांगितले त्याने तीन दिवस नुसते संदेश पाठवले. ते गृहस्थ संदेश वाचतच नाहीत! ‘निरोप’ या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत, सांगावा आणि बोळवण. पहिल्या अर्थाची आता बोळवणच होत चालली आहे.

अमेरिकेत बहुतेक प्रौढ मंडळी घरचा फोन केव्हाच काढून बसली. तिथे आता काही पालक आपल्या लहान मुलांसाठी तो मुद्दाम परत आणीत आहेत, ही बातमी वाचून मला मौज वाटली. हेतू एवढाच, की मुलाने मित्राशी बोलावे, पण त्यापायी त्याच्या हातात पडदा देऊ नये.

म्हातारपणी या यंत्राचा उपयोग काय, ते मात्र अनुभवानेच कळते. त्याची जागा ठरलेली असते. अंधारात, चष्म्याशिवाय, हात बरोबर तिथे जातो. बटणे बोटाला लागतात. ऐकण्याच्या अनेक यंत्रांत ‘टी’ खूण असलेली एक सोय असते, ती मुळात टेलिफोनच्या रिसीव्हरसाठीच निघाली. मोबाइल चार्ज करायचा राहिला, उशीखाली गेला, सायलेंटवर पडला, यांतले काही इथे घडत नाही. मी दुपारी दोन तासिकांच्या मधे घरी फोन लावते. चार घंट्यांत उचलला गेला की पुढच्या वर्गावर निश्चिंत मनाने जाते. मोबाइल उचलला नाही तर त्याची दहा कारणे असू शकतात. घरचा उचलला नाही, तर शेजारी फोन करून “जरा डोकावता का?” म्हणायचे.

आता २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. ती नागपुरात कुणी विसरणार नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नागनदी काठावरच्या वस्त्यांत शिरली. माणसे दगावली. आमची गल्ली उंचावर, म्हणून पाणी आले नाही. पण लाइट गेली ती दुपारनंतरही आली नाही. एकेकाचा मोबाइल मान टाकू लागला. अकराच्या सुमारास समोरच्या घरातल्या वहिनी छत्री घेऊन दारात उभ्या. “तुमचा फोन चालू आहे का हो?” त्यांची बहीण अंबाझरीखालच्या वस्तीत राहते. नंबर कुणाला पाठ नव्हता. सासूबाईंच्या वहीत बहिणीच्या सासरचा जुना नंबर सापडला. तो लागला! मंडळी वरच्या मजल्यावर सुखरूप होती. संध्याकाळपर्यंत आमच्या बैठकीत गल्लीतली आठ-दहा माणसे येऊन बोलून गेली, आणि ‘पी. पी.’चा जमाना एका दिवसापुरता परत आला.

लाइट नसताना फोन कसा चालला, याचे कारण अगदी साधे. तांब्याच्या तारेच्या फोनला घरातली वीज लागत नाही. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच दोन तारांवरून घरी येते, ज्यांवरून आपला आवाज जातो. तरी उगाच गुणगान नको. ही तारही भिजते. कित्येक पावसाळ्यांत ती आमच्याशी नुसती खरखरत होती, आणि रस्ता खणणाऱ्याची एक कुदळ बसली की पंधरा-पंधरा दिवस फोन ‘डेड’.

आणि ती तार आता जवळपास इतिहासजमा होत आली आहे. देशात असे घरचे फोन २००५-०६ च्या सुमारास पाच कोटींच्या घरात होते. २०२० पर्यंत ते दोन कोटींवर उतरले. पुढे आकडा पुन्हा चढला आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर साडेतीन कोटींच्या वर गेला. पण ही चढती कमान फायबरची. लोकांना इंटरनेट हवे असते, त्याच्याबरोबर फोन येतो, आणि पुष्कळजण त्याला यंत्र जोडायचेही कष्ट घेत नाहीत.

आमच्याकडे तार बदलायला लाइनमन आले, ते या खात्यात केस पिकलेले गृहस्थ होते. शिडीवरून उतरता उतरता म्हणाले, “नंबर तोच राहीन जी मॅडम, फायबरवर चालन. पण एक आधीच सांगून ठेवतो. लाइट गेली का फोनबी गेला. थे जुनं काही आता नाही राह्यलं.”

त्यांनी सांगितले ते खरे आहे आणि घरी फोन ठेवू इच्छिणाऱ्याने ते नीट ध्यानात घ्यावे. काचेच्या तंतूतून उजेड जातो, वीज जात नाही. घरातल्या पेटीला आपल्याच भिंतीतली वीज लागते. तेव्हा फायबरवर फोन घेणार असाल तर त्या पेटीपुरती एक लहान बॅटरी घ्यावी, बाजारात मिळते. फोन पाहुण्यांच्या नजरेसाठी नव्हे, तर घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या हाताशी ठेवावा, आणि पडलेल्या माणसाचाही हात पोहोचेल इतक्या बेताच्या उंचीवर. शेजारी मोठ्या अक्षरांत ११२ आणि १०८ लिहून चिकटवावे. त्याखाली डॉक्टरांचा आणि शेजारच्यांचा नंबर. मुलांकडून घरचा नंबर पाठ करून घ्यावा. गाडीत मोबाइल चोरीला गेला तर परक्या माणसाच्या फोनवरून लावायला तोच उपयोगी पडतो. आणि कुणी बँकेचे नाव सांगून गुप्त आकडे विचारू लागला तर फोन ठेवून द्यावा. लबाड माणूस तारेवरूनही बोलू शकतो.

आम्ही ती बॅटरी मागच्या उन्हाळ्यात आणली. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिशीत, आणि भर दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. ‘हे’ खिडक्या उघडायला धावले, धाकटी पाण्याची बाटली शोधू लागली. सासूबाईंनी आपल्या खुर्चीतून हात लांब करून रिसीव्हर उचलला, कानाला लावला, थोडा वेळ ऐकला आणि जागेवर ठेवला.

“आहे,” त्या म्हणाल्या.