सासर, माहेर आणि कोर्ट – लेखांक ६ : तिने लिहिलेली पत्रं

मागच्या लेखांकात आपण फिर्याद नोंदवण्यापर्यंत आलो होतो. आज पुराव्याकडे वळू.

मंजुश्री सारडाचं लग्न १९८२च्या फेब्रुवारीत झालं. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यातल्या राहत्या घरी पोटॅशियम सायनाइडने तिचा मृत्यू झाला. मधल्या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. सत्र न्यायालयाने नवऱ्याला खुनासाठी फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

कायद्याचे विद्यार्थी हा निकाल परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी वाचतात. मला त्यातला पत्रांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कोर्टाचा साधा नियम असा, की ज्याने पाहिलं-सोसलं त्याने पिंजऱ्यात उभं राहून सांगावं, म्हणजे समोरच्या वकिलाला उलटतपासणी घेता येते. ‘ती मला असं म्हणाली होती’ हे ऐकीव ठरतं. पण सांगणारी व्यक्तीच हयात नसेल तर काय? त्यासाठी पुरावा कायद्याचं कलम ३२ होतं. आज भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २६ आहे. मृत्युपूर्व जबाब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इस्पितळातली खाट, भाजलेली बाई आणि जबाब लिहून घेणारे नायब तहसीलदार येतात. कलमाचा आवाका त्याहून बराच मोठा आहे. ज्या परिस्थितीतून मृत्यू ओढवला, त्या परिस्थितीबद्दल माणसाने आधी बोललेलं किंवा लिहिलेलंही त्यात बसतं. बोलताना मरण समोर दिसत असलं पाहिजे, अशी अट आपल्या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मंजुश्रीची पत्रं या कलमाखाली पुरावा म्हणून ग्राह्य धरली.

आणि तीच पत्रं वाचून, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असंही म्हटलं. इतकं खचलेलं मन स्वतःच टोकाचं पाऊल उचलू शकतं, हा त्यामागचा तर्क. फाशीच्या खटल्यात संशयाचा फायदा आरोपीलाच मिळाला पाहिजे, हे मी मनापासून मानते. माझा प्रश्न वेगळा आहे. खून सिद्ध झाला नाही, पण पत्रांत उतरलेल्या दुःखाचं काय? नवऱ्याच्या घरी होणारा छळ हा स्वतंत्र गुन्हाच १९८२ साली कायद्यात नव्हता.

तो आला २५ डिसेंबर १९८३ला, भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ म्हणून. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ या रूपात तेच आहे. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी क्रूरपणे वागवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. क्रूरतेच्या व्याख्येला दोन भाग आहेत, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. पैशांच्या किंवा वस्तूंच्या बेकायदा मागणीसाठी होणारा छळ हा दुसरा भाग. पहिल्या भागात पैशाचा विषयच नाही. बाई आत्महत्येपर्यंत जाईल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा होईल असं हेतुपुरस्सर वागणं, एवढं पुरतं. ‘हुंडा मागितला नाही ना, मग केस कशी होणार?’ असं कुणी ऐकवलं तर त्याला हा पहिला भाग दाखवावा.

हुंड्याच्या शब्दार्थावरही वाद झाले. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की घरखर्चासाठी आणि खतासाठी माहेरहून पैसे आणायला सांगणं म्हणजे हुंडा मागणं नव्हे. शेतकरी घरात मागणीला हीच भाषा असते, ‘खताला पैसे आण’, ‘बैल घ्यायचाय’. २०१५मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ चुकीचा ठरवला.

पत्रांची अडचण मात्र संपली नव्हती. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात नवऱ्यावर दोन आरोप होते, आत्महत्येस प्रवृत्त करणं आणि छळ. पहिला टिकला नाही. मग २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आता मृत्यूचं कारण हा प्रश्नच उरला नाही, म्हणून मृत बायकोची पत्रं छळाच्या आरोपासाठी वापरता येणार नाहीत. बंद दाराआडचं जे होतं ते तिलाच ठाऊक होतं, आणि तिने लिहून ठेवलेलंच बाजूला पडलं. ही वाट एकवीस वर्षं चालली. मे २०२२मध्ये केरळमधून आलेल्या अपिलात सरन्यायाधीश रमणा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींनी ती बंद केली. खटल्यात मृत्यूच्या कारणाचा प्रश्न उपस्थित झाला असेल आणि तिचं सांगणं त्या मृत्यूच्या परिस्थितीशी जोडलेलं असेल, तर आरोप फक्त छळाचा उरला तरी तिचे शब्द वाचता येतात.

जिवंत बाईला मृत्युपूर्व जबाबाचं कलम लागत नाही, ती स्वतः साक्ष देते. पण तिचे शब्द वेगळ्या ठिकाणी हरवतात. ‘शारीरिक व मानसिक छळ करून, शिवीगाळ व मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून’ हे वाक्य कित्येक फिर्यादींत जसंच्या तसं सापडतं आणि खाली सासरच्या सगळ्यांची नावं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये बिहारच्या एका प्रकरणात असे मोघम आरोप असलेला सासरच्या नातेवाइकांवरचा गुन्हा रद्द केला. निकालाला दोष देण्याआधी त्या कागदाकडे पाहावं. बाईने सांगितलेलं असतं, की गौरीच्या दिवशी पाहुण्यांसमोर ताट ओढून घेतलं, दिराने फोन फोडला, नणंद मात्र तिच्या बाजूने बोलली. लिहिताना सण जातो, दिराचा फोन जातो आणि नणंदही आरोपी होते. जबाब वाचून दाखवायला लावा, चुकलेलं तिथेच दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा.

मंजुश्रीच्या मृत्यूनंतर पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन त्या महाराष्ट्रभर फिरल्या. पुढे मंचाने बायकांसाठी केंद्र चालवलं, त्याचं नाव ‘बोलते व्हा’.

आता पत्रं फोनमध्ये असतात. रात्री दोनला आईला पाठवलेला आवाज, बहिणीच्या व्हॉट्सॲपवरची चार वाक्यं. कोर्टात त्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर शंका घेणं सोपं असतं. मुलगी गेल्यावर घरचे दुःखात असतात, फोन रिकामा करून धाकट्या भावाला दिला जातो. तो देऊ नका. तिचा आणि ज्याला तिने लिहिलं त्याचाही, दोन्ही फोन आहेत तसे ठेवा आणि तपास अधिकाऱ्याकडे देताना पंचनाम्यात त्यांची नोंद झाली का ते पाहा.