ठोसा दिसण्याआधी

२०१८ साली इंग्लंडचा बॉक्सर क्रिस्टियन लेट निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ३०० व्यावसायिक लढती होत्या. त्यातल्या १२ जिंकलेल्या, ९ बरोबरीत सुटलेल्या आणि २७९ हरलेल्या. हे आकडे वाचून वाटेल, या माणसाला बॉक्सिंग येतच नसावं. पण त्या २७९ पराभवांपैकी मुदतीआधी संपलेले पराभव फक्त पाच. बाकी प्रत्येक वेळी तो शेवटच्या घंटेपर्यंत उभा होता आणि गुणांवर हरला.

अशा बॉक्सरला या खेळात ‘जर्नीमन’ म्हणतात. आयोजकांना एखाद्या होतकरू पोराला पुढे आणायचं असतं, तेव्हा त्याच्यासमोर जर्नीमनला उभं केलं जातं. फोन बऱ्याचदा ऐनवेळी येतो. लढत चार किंवा सहा फेऱ्यांची असते, तिकिटं समोरच्याच्या गावातल्या लोकांनी घेतलेली असतात. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीनेही अशाच ३०० लढती केल्या आणि २५६ हरल्या. पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमेदशी तो दोनदा लढला.

मग अव्वल बॉक्सर आणि जर्नीमन यांच्यात नेमकं काय वेगळं असतं? धाडस म्हणावं, तर ते जर्नीमनकडे भरपूर असतं. राहिली ताकद. ती मोजता येते आणि शास्त्रज्ञांनी मोजलीही आहे.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अव्वल, मध्यम आणि नवशिक्या बॉक्सरांना बल मोजणाऱ्या यंत्रावर ठोसे मारायला लावले. मागच्या हाताच्या ठोशाचं सरासरी बल अव्वल गटात ४८०० न्यूटन भरलं, मध्यम गटात ३७२२ आणि नवशिक्यांत २३८१. हा फरक दंडाच्या घेरावरून ठरत नाही. सोव्हिएत संशोधक फिलिमोनोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात १२० बॉक्सरांचे ठोसे तपासले. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशात पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, खालच्या दर्जाच्यांत जेमतेम १६ ते १७ टक्के. ही उणीव ते हाताच्या जोरावर भरून काढत होते. चांगला ठोसा मागच्या पायाच्या चवड्यापासून सुरू होतो, कंबरेच्या वळणातून खांद्यात येतो आणि मुठीतून बाहेर पडतो. या साखळीतली एक कडी क्षणभर उशिरा हलली, तरी जमिनीकडून मिळालेलं बळ वाटेतच विरतं.

तरीही जोराचा ठोसा मारणारे पुष्कळ जण मधल्या पायरीवरच राहतात. त्याचं कारण वेळेच्या हिशेबात आहे.

१९८५ साली ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला गेला. सुरुवातीपासून ०.१ सेकंदात मुठीने जवळपास अर्धा मीटर अंतर कापलं होतं आणि तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर झाला होता. माणसाला डोळ्यांनी काही पाहून हालचाल सुरू करायला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ठोसा निघालेला पाहून मग चुकवू, असं म्हणणारा प्रत्येक जण मार खाणार. तो निघण्याआधीच ओळखावा लागतो. कल्याणजवळच्या टिटवाळा स्थानकात गाडी शिरत असताना रोजचा प्रवासी दार कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे उभा असतो, तसंच काहीसं इथे घडतं. समोरच्याचा खांदा किंचित खाली येतो, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकतं, कोपर बाहेर झुकतं. अव्वल बॉक्सरला एवढं पुरतं.

फ्रान्समध्ये हुबेर रिपोल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली फ्रेंच बॉक्सिंग (सावात) या लाथाही चालणाऱ्या प्रकाराच्या खेळाडूंची नजर टिपली. नवशिक्यांची नजर भिरभिरत होती. तज्ज्ञ मात्र मोजक्याच ठिकाणी पाहत होते आणि नजर मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याभोवती ठेवून बाकीचं शरीर डोळ्यांच्या कडेने टिपत होते. हुलकावण्यांच्या गुंतागुंतीत त्यांचे निर्णय जास्त अचूक ठरले.

जर्नीमनलाही हे वाचन येतं, नाहीतर तो ३०० लढती टिकलाच नसता. पण त्याची सगळी विद्या बचावात खर्च होते. लढत मुदतीआधी थांबवली गेली, तर वैद्यकीय नियमांनुसार काही आठवडे रिंगबाहेर राहावं लागतं आणि तेवढे दिवस कमाई बुडते. म्हणून तो प्रतिस्पर्ध्याला बिलगतो, कोन बदलतो, गार्ड घट्ट ठेवतो. अव्वल बॉक्सर ठोसा ओळखल्याच्या त्याच क्षणाचा उपयोग उलट ठोसा मारण्यासाठी करतो. त्यासाठी धोका पत्करावा लागतो आणि तो पेलायला नीट तयारीचे काही आठवडे लागतात. ऐनवेळी बोलावलेल्याला ते मिळत नाहीत.

जय-पराजयाच्या आकड्यांवरून दर्जा ठरवताना म्हणूनच जपायला हवं. ऑलिम्पिक पदकविजेता विजेंदर सिंग २०१५ साली व्यावसायिक झाला आणि सलग १२ लढती जिंकला. १९ मार्च २०२१ रोजी पणजीत एका कॅसिनो जहाजाच्या छतावर रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. ऑलिम्पिक पदकविजेत्याला रोखणाऱ्या त्या तरुणाच्या खात्यात तेव्हा मोजक्याच लढती होत्या. विजेंदर पस्तिशीत होता आणि वर्षभराहून अधिक काळ एकही लढत खेळला नव्हता.

ठोसा आधीच ओळखणारी नजर तयार होते ती निरनिराळ्या आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी सराव करून. महाराष्ट्रात खरी अडचण इथेच आहे. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमधल्या किएल्त्से इथे युवा विश्वविजेती झाली. बुलढाणा जिल्ह्यातला, अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनंता चोपडे २०१९ साली इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचं सुवर्ण घेऊन आला. दोघांनाही राष्ट्रीय शिबिराची दारं उघडली, जिथे रोज नवा, तगडा जोडीदार मिळतो. टिटवाळ्याच्या एखाद्या मुलीला मात्र मुंबईतल्या सरावासाठी लोकल पकडायची, तर सीएसएमटी साठेक किलोमीटर दूर. जाण्यायेण्यात रोज तीनेक तास जातात आणि ते झोपेतून किंवा सरावातून कापले जातात. हातात ताकद असूनही नजर कच्ची राहते, ती अशी.

आणि कच्च्या नजरेची किंमत मेंदू मोजतो. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली बॉक्सरांमध्ये दिसणारी अडखळती चाल आणि मंदावलेली बुद्धी नोंदवली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स यांनी २२४ माजी व्यावसायिक बॉक्सर तपासले. त्यांतल्या ३७ जणांत, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांत, मेंदूला इजा झाल्याची लक्षणं आढळली. ज्याच्या लढती जास्त, त्याला धोका जास्त. जास्त लढती करतो तो जर्नीमनच.

कल्याण-डोंबिवली पट्ट्यात मुलांना बॉक्सिंगच्या वर्गात घालणाऱ्या पालकांनी पदकांची यादी विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पायांच्या हालचालींवर किती वेळ दिला जातो, सरावाला निरनिराळे जोडीदार मिळतात का आणि डोक्याला मार बसल्यावर त्याची नोंद करून मुलाला किती दिवस विश्रांती दिली जाते.