मोकळा रस्ता, जड डोळे

भिवंडी तालुक्यातील आमणे येथे गाडी समृद्धी महामार्गावर चढली, की नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरमध्ये ना सिग्नल, ना चौक. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीच्या गोदामांतील मालाला विदर्भाची थेट वाट मिळाली. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता बहुतेक गावांना बाजूला ठेवूनच जातो. इगतपुरीचा बोगदा मागे पडला, की पुढे तासन्‌तास माळरान, शेते आणि कारंजा-सोहोळसारख्या अभयारण्याचा निर्जन परिसर. रात्री तर दिव्यांच्या झोतात फक्त पांढरे पट्टे दिसतात.

वाहनचालकाला हाच मोकळेपणा घातक ठरू शकतो. मेंदूला जागे राहायला बदल लागतो. वळण, खड्डा, हॉर्न, समोरून येणारी गाडी यांमुळे तो सावध राहतो. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने, एकाच आवाजात गाडी चालली, की हात स्टिअरिंगवर आणि डोळे उघडे असूनही लक्ष हरपते. याला ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. नागपूरच्या ‘व्हीएनआयटी’ने केलेल्या अभ्यासातही समृद्धीवरील अपघातांच्या कारणांत त्याचा उल्लेख आहे.

त्यात झोप अपुरी असेल, तर काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे चालकाला कळतही नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी १०० मीटर पुढे जाते.

हिशोब कुठून करायचा?

‘आत्ताच तर निघालो’ असे चालक म्हणतो, पण शरीराचे घड्याळ जाग आल्या क्षणापासून चालू असते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे रसायन साठत जाते आणि ते झोपेनेच उतरते. सकाळी ६ वाजता उठलेला, दिवसभर गोदामासमोर माल भरण्याची वाट पाहिलेला ट्रकचालक रात्री ११ वाजता निघतो, तेव्हा तो १७ तास जागा असतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की १७ तासांच्या जागरणानंतर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे! शिवाय पहाटे २ ते ५ या वेळेत शरीर झोपेसाठी सर्वाधिक आसुसलेले असते. दुपारी २ ते ४ या वेळेतही सुस्ती येते.

उपाय कोणते?

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखूचा बार भरणे यांनी झोप हटत नाही. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो आणि तो तात्पुरता असतो. जांभया येणे, मागचे काही किलोमीटर न आठवणे, गाडी लेन सोडणे ही थांबण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चहा घेऊन लगेच २० मिनिटे झोपावे आणि उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी निघावे. महामार्गाच्या कडेला गाडी लावून मात्र झोपू नये. विश्रांतीच्या जागी थांबावे किंवा बाहेर पडण्याच्या मार्गाने खाली उतरावे.

आदल्या रात्री सात-आठ तास झोप घ्यावी. दर दोन तासांनी उतरून चालावे, म्हणजे पोटऱ्यांतील रक्तही खेळते राहते. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, तेव्हा औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या चालकाला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ असू शकतो. त्याची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खाण्याचे काही हाताशी ठेवावे.

मात्र ही जबाबदारी एकट्या चालकाची नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत असे. संध्याकाळी माल भरून ‘सकाळी पोहोच’ म्हणणाऱ्या मालकाने आधी एक प्रश्न विचारावा: तू शेवटचा झोपलास कधी? गोदामात ट्रकसाठी जागा असते, तशी चालकाला पाठ टेकायलाही असावी. माल दोन तास उशिरा पोहोचला, तर भरपाई होते. पहाटेच्या डुलकीत गेलेल्या जिवाची होत नाही.